दोन हजारांवर चार कार्डं

आई म्हणायची, ह्या पोरीच्या तोंडात तीळ भिजायचा न्हाई. खरंच आहे ते. मला आजही गप्प बसता येत नाही, राग नाकावर असतो, आणि राग आला की मी आधी बोलते, मग विचार करते. बहात्तरच्या दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यात मात्र मी नको ते बोलले, सांगायचं तेच सांगायला विसरले, आणि त्यात एका चांगल्या बाईची नोकरी गेली.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सुप्याजवळच्या आमच्या गावातून रोज सकाळच्या एस.टी.नं नगरला यायचे. आई आणि थोरला भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडत होते, वडील जनावरं घेऊन छावणीत जाऊन राहिले होते, आणि मी काय करत होते? माळीवाड्याच्या स्टँडपासून दहा मिनिटांवर, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर, रॉकेटचं काम करत होते! हसू नका. एस.टी.चा कंडक्टरही हसला होता. मी त्याला उतरेपर्यंत समजावून सांगत होते, म्हणून माझा थांबा चुकला आणि मला मागे चालत यावं लागलं.

त्या माडीवर आधी टायपिंगचा क्लास होता. तो चालवायचे त्यांना आम्ही सगळ्या ‘सर’ म्हणायचो. सरांची मुंबईत कुठेतरी ओळख निघाली आणि त्यांनी एक अचाट उद्योग केला. कार्डांना भोकं पाडायची मशीनं भाड्यानं आणली. हमालांनी ती जिन्यावरून चढवली तेव्हा खालचा कापडवाला हात जोडून उभा होता, जिना पडू नये म्हणून.

काम असं होतं. सरकारचं अवकाश खातं रॉकेट सोडायचं. रॉकेटच्या डोक्यात यंत्रं असत, ती वरून आकडे पाठवायची: इतक्या उंचीवर वारा किती, कुठल्या दिशेचा, थंडी किती. ते आकडे कागदांवर उतरायचे. आता त्यांचं गणित करायला मुंबईत एक मोठा कॉम्प्युटर होता, पण त्याला कागद वाचता येत नव्हता. त्याला कार्डंच लागायची, पोस्टकार्डाहून लांब, एक कोपरा कापलेली, आणि आकड्यांप्रमाणे बारीक चौकोनी भोकं पाडलेली. ती भोकं आम्ही पाडायची. गावात कुणाला पटायचं नाही. अहमदाबादचं काम पत्ता चुकून अहमदनगरला आलं असंल, म्हणायचे. आमच्या पारावरचे एक आजोबा तर म्हणाले, “वरचा वारा कळतोय ना? मग पाऊस कवा पडंल तेवढं इचार की बाई त्यास्नी.”

मी खरंच विचारणार होते.

सरांनी पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. खात्यानं हे काम नमुना म्हणून दिलंय. दोन हजार कार्डं. ती मुंबईच्या मशीननं नीट वाचली तर पुढची दोन वर्षं काम आपल्याकडे. नाही वाचली तर मशीनं परत, माडीवर पुन्हा टायपिंगचा क्लास, आणि तुम्ही सगळ्या आपापल्या घरी. दुष्काळात घरी म्हणजे काय, ते आमच्यापैकी कुणाला सांगायची गरज नव्हती.

नमुन्याच्या कामासाठी सरांनी दोघींची जोडी निवडली, ताई आणि मी. ताई पस्तिशीच्या असतील. बौद्ध घरातल्या, त्यांच्या घरात मॅट्रिक झालेल्या पहिल्या, आणि टायपिंग शिकल्या त्या लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर. बोलायच्या कमी. पण बोटं! मी तशी बोटं पुन्हा पाहिली नाहीत. समोरच्या कागदावर डोळे, हात मशीनवर, आणि चेहरा असा की जणू भाजी निवडतायत.

ताई भोकं पाडायच्या. मग तीच कार्डं माझ्याकडे यायची. माझं मशीन तपासणीचं. मी तोच कागद बघून तेच आकडे पुन्हा दाबायचे. माझा आकडा आणि ताईंचं भोक जुळलं तर मशीन पुढे जायचं, आणि पूर्ण कार्ड बरोबर निघालं की त्याच्या कडेला आपोआप एक छोटी खाच पडायची. नाही जुळलं तर मशीन जागच्या जागी अडायचं आणि लाल दिवा लागायचा. पहिल्यांदा लाल दिवा लागला तेव्हा मी ओरडले, “ताई, सापडली तुमची चूक!” ताई उठून आल्या, कागद पाहिला, कार्ड पाहिलं, आणि म्हणाल्या, “सातावर नऊ कोण दाबतंय गं पोरी?” मीच दाबला होता.

दोन हजार कार्डांत लाल दिवा अकरा वेळा लागला. त्यातले सात माझ्या बोटांचे. हे मी आज सांगते आहे. तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, आम्हा दोघींचे मिळून अकरा.

काय दिवस होते ते! लाइट गेली की आम्ही खिडकीत जाऊन उभ्या राहायचो आणि ती परत येईपर्यंत मी बडबडायचे. ताई, आपण आत्ता दाबला ना, तो वारा विमानाच्याही वरचा आहे. ताई, तिथे पक्षी नाही, ढग नाही, आपलं माणूस तर कधी गेलंच नाही, आणि तिथला वारा आपल्या बोटांखालून गेला. ताई म्हणायच्या, “गेला ना? मग आता पाणी पी.” पण एकदा मी वळून पाहिलं तर त्या एक कार्ड उजेडाकडे धरून त्याच्या भोकांतून आभाळ बघत होत्या. मी पाहिलं हे कळल्यावर त्यांनी ते पटकन खाली ठेवलं.

कार्डांच्या बाबतीत ताई फार कडक. कार्ड दुमडायचं नाही, ओल्या हातानं धरायचं नाही, त्यावर काही ठेवायचं नाही. आणि त्यांची स्वतःची एक युक्ती होती. पाचशे कार्डांचा गठ्ठा झाला की तो नीट ठोकून सारखा करायच्या आणि वरच्या कडांवर पेन्सिलीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरकी रेघ ओढायच्या. म्हणजे प्रत्येक कार्डाच्या कडेवर एकेक ठिपका. गठ्ठा हातून पडला, कार्डं विस्कटली, तरी ठिपके पुन्हा ओळीत लावले की क्रम जुळतो. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती.

शेवटच्या दिवशी चार गठ्ठे टेबलावर उभे होते. चारही रेघा ओढून झालेल्या. मी गठ्ठ्यांकडे बघितलं. पाचशे. पाचशे. पाचशे. पाचशे. सगळे शून्यावर संपणारे.

आमच्या घरात शून्यावर काही द्यायची पद्धत नव्हती. आहेर द्यायचा तर दहा कधीच नाही, अकरा. पन्नास नाही, एक्कावन्न. आई म्हणायची, “वर एक ठिवावा बाई. शून्यावर थांबलं की तितंच संपतं.” मी ताईंना म्हटलं, “ताई, एवढं शुभ काम, आणि पाचशेवर बांधायचं?”

“पाचशे म्हणजे पाचशे,” ताई म्हणाल्या. “आम्ही सोडलंय गं ते सगळं.” आणि त्या सुतळी आणायला खाली गेल्या.

त्या जिना उतरल्या आणि मी चार कोरी कार्डं घेतली. प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी एकेक सरकवलं. कोरं कार्ड, भोक नाही, खाच नाही, कुणाला त्रास नाही. कॉम्प्युटरला वाटेल, नगरची माणसं रीतीची आहेत. ताई वर आल्या, गठ्ठे बांधले, खोक्यात भरले, आणि सरांनी जिन्याच्या पायरीवर नारळ फोडून खोकं एस.टी.च्या पार्सलनं मुंबईला पाठवलं. मी ते चार कार्डांचं पाच मिनिटांत विसरले. देवाशपथ विसरले.

आठ दिवसांनी तार आली. सरांनी ती दोनदा वाचली आणि खुर्चीत बसले. मुंबईच्या मशीनला फक्त पाचशे कार्डं मिळाली होती. उरलेल्या दीड हजारांचा पत्ता नव्हता. मूळ कागद आणि तपासणारी मुलगी घेऊन ताबडतोब या, नाहीतर काम दुसरीकडे देतो.

“खोकं कुणी भरलं?” सरांनी विचारलं.

आणि मी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती मी, फाडकन बोलले, “मी तर एकेक कार्ड तपासून, मोजून दिलं होतं सर. बांधलं ताईंनी.”

खोटं काही नव्हतं त्यात. शब्दन्शब्द खरा. पण माडीवरच्या सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या. सर म्हणाले, “ताई, ह्याचा उलगडा होईपर्यंत तुम्ही येऊ नका.” चौकशी नाही, दुसरा प्रश्न नाही. आज मला वाटतं, त्या जागी सरांच्या ओळखीतल्या घरातली कुणी असती, तर सरांनी आधी एस.टी.च्या पार्सलवाल्याला विचारलं असतं. तेव्हा मला एवढं सुचलं नाही. तेव्हा मला फक्त वाटलं, बरं झालं, मी सुटले.

ताईंनी डबा पिशवीत घातला. माझ्या टेबलापाशी थांबल्या. मला वाटलं आता बोलतील मला चार शब्द. त्या म्हणाल्या, “तू मोजली होतीस ना गं? मग असतील बरोबर. घाबरू नको.” आणि गेल्या.

मुंबईला जायला वडिलांची परवानगी हवी होती. मी छावणीत गेले. ते बैलांपुढे उसाची वाढं टाकत होते. सगळं ऐकून म्हणाले, “जा. पर तितं तोंड सांबाळ.” मी हो म्हटलं. पण वाटेत, एस.टी.त सरांच्या शेजारी बसून, मी मनात मुंबईवाल्यांना शिव्याच देत होते. कार्डं त्यांनीच हरवली असणार! मोठं शहर, मोठं मशीन, आणि नगरच्या पोरींवर आळ! सांगतेच त्यांना.

मुक्काम सरांच्या बहिणीकडे झाला आणि सकाळी आम्ही त्या इमारतीत पोचलो. दाराशी चपला काढायला लावल्या. देवळात येतोय असंच वाटलं मला. आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला, कारण आत थंडी! नगरमध्ये माती भाजत होती आणि इथे मशीनला गार हवेत ठेवलं होतं. कपाटांएवढी मशीनं ओळीनं उभी. ताटाएवढी रिळं गरकन फिरायची, थांबायची, पुन्हा फिरायची. एका मशीनमधून कागद नुसता धो धो येत होता, न तुटता, घडीवर घडी पडत. मी भांडायला आले होते, ते विसरलेच. मी कॉम्प्युटरला नमस्कार केला. खरंच केला.

खात्याचे साहेब चाळिशीचे, चष्मेवाले, मराठीच होते, आणि घाईत होते. त्यांच्याकडे फक्त छापलेला कागद आला होता, खोकं तिथल्या मशीनवाल्यांकडेच पडून होतं. त्यांनी ते मागवलं, टेबलावर उघडलं. आत चारही गठ्ठे!

“अहो, आहेत की सगळी!” सर जवळजवळ ओरडले.

“बघा! मी सांगत नव्हते?” मी म्हटलं. कुणालाच सांगितलं नव्हतं मी.

साहेबांनी पहिला गठ्ठा सोडला आणि हातात तिरका धरला. “ही रेघ कुणी ओढली?” त्यांनी विचारलं. “छान आहे. आमच्याकडे सांगूनसुद्धा कुणी ओढत नाही.” मग त्यांचं बोट गठ्ठ्याच्या शेवटी थांबलं. तिथे एका कडेवर ठिपका नव्हता. त्यांनी ते कार्ड ओढून काढलं. कोरं.

तेव्हा मला ती चार कार्डं आठवली.

“हे बघा,” साहेब म्हणाले. “आमच्या गणितात कोरं कार्ड म्हणजे आकडे संपले अशी खूण असते. मशीननं पाचशे वाचली, हे कोरं आलं, आणि ते समजलं की झालं, संपलं. पुढची दीड हजार वाचलीच नाहीत.” त्यांनी दुसरा गठ्ठा पाहिला, तिसरा, चौथा. चार कोरी कार्डं टेबलावर ठेवली. “ही कुणी घातली?”

“गठ्ठे बांधणारी बाई होती,” सर घाईनं म्हणाले. “तिला आम्ही घरी बसवलंय, साहेब. असं पुन्हा होणार नाही.”

साहेबांनी मान हलवली. झालं होतं की सगळं. मी नुसतं गप्प बसायचं होतं. काम नगरला राहिलं असतं, माझी नोकरी राहिली असती, आणि ताई आधीच घरी बसलेल्या होत्या. आयुष्यभर ज्या जिभेला मी आवरू शकले नाही, ती त्या थंड खोलीत टाळ्याला चिकटून बसली. मला ताईंचं “घाबरू नको” ऐकू येत होतं. आणि मला स्वतःचा असा संताप आला की तो आजपर्यंत गेलेला नाही.

“मी घातली,” मी म्हटलं.

सर वळले. “काय?”

“मी घातली. ताई सुतळी आणायला खाली गेल्या होत्या तेव्हा. रेघ त्यांनी आधी ओढली होती, म्हणून तर ह्यांच्यावर ठिपका नाही. त्यांचा काही दोष नाही. त्या म्हणत होत्या पाचशे म्हणजे पाचशे. मी... शून्यावर देऊ नये म्हणून वर एकेक ठेवलं. आहेराला ठेवतात तसं.”

साहेबांनी टेबलावरच्या चार कार्डांकडे पाहिलं. “आहेराला,” ते म्हणाले.

“हो.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी माझी गत. मी रडत होते आणि थंडीनं कुडकुडत होते, दोन्ही एकदम. साहेब हसले नाहीत. त्यांनी चार कार्डं खिशात घातली, गठ्ठे मशीनवाल्याकडे दिले आणि म्हणाले, “चला, बघू तरी.”

कार्डं मशीनमध्ये सरसर सरसर जायला लागली. एवढ्या दिवसांचं आमचं काम काही मिनिटांत! पहिला गठ्ठा गेला. मागच्या वेळी इथेच अडलं होतं. दुसरा सुरू झाला! तिसरा! चौथा! मग रिळं गरगरली, आणि तिकडून कागद यायला लागला, ओळीवर ओळी, उंची, वारा, दिशा, आमचे आकडे, आमच्याच आकड्यांतून निघालेले नवे आकडे. साहेबांनी खालपर्यंत बोट फिरवलं. “दोन हजार,” ते म्हणाले. “एकही कार्ड परत टाकलेलं नाही.” मी सरांचा हात धरून उड्या मारल्या. हो, सरांचा. त्यांनीही मारली एक.

काम नगरला मिळालं. साहेबांनी एकच अट घातली, रेघ ओढणाऱ्या बाईंच्या हातूनच खोकं बंद व्हायला हवं. “आणि हिचं काय?” सरांनी विचारलं. साहेब म्हणाले, “ठेवा हिला. फक्त कोऱ्या कार्डांपासून लांब.”

परतल्यावर आम्ही स्टँडवरून थेट ताईंच्या घरी गेलो. त्या भाकरी थापत होत्या. सरांनी माफी मागितली, नीट, हात जोडून. मग मी सगळं सांगितलं, काही न गाळता. ताईंनी ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली, आणि म्हणाल्या, “ठीक आहे. सोमवारी येते.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही बसा ना. चहा टाकते.”

तुम्ही! मला एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

त्या परत आल्या. दोन वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसून हजारो कार्डं केली. त्यांची बोटं तशीच, रेघ तशीच. पण त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ‘गं’ आलं नाही, ‘पोरी’ आलं नाही. “तुमचं झालं का?” “हे तपासता का?” मी कितीदा माफी मागितली. त्या म्हणायच्या, “झालं ते झालं. काम करा.” आणि मला दर वेळी कळायचं की झालेलं नाही.

मग माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडली. लग्न आमच्या गावात, मांडवात ही गर्दी. ताई येतील असं मला वाटलं नव्हतं. जेवणं चालली असताना त्या दुपारच्या एस.टी.नं आल्या. आहेर मांडणाऱ्याच्या वहीकडे गेल्या नाहीत, सरळ माझ्याकडे आल्या आणि पाकीट माझ्या हातात दिलं. पाकिटातून काहीतरी बाहेर डोकावत होतं.

“उघडा,” त्या म्हणाल्या.

आत दहाची एक नोट होती. वर रुपया नव्हता. त्या जागी एक कार्ड होतं, आमच्या माडीवरचं, एक कोपरा कापलेलं. पाकिटात मावत नव्हतं, पण ताईंनी ते दुमडलं नव्हतं. मी उलटंसुलटं करून पाहिलं. एकही भोक नव्हतं.

“वरचा एक आमच्यात नसतो,” ताई म्हणाल्या. “पण तुला लागतो ना? कोरं कार्ड आलं की मशीनला काय कळतं गं पोरी?”

मला उत्तर माहीत होतं. मुंडावळ्या ओल्या झाल्या, काजळ गालांवर उतरलं, आणि आई लांबून बघत होती की ह्या पोरीला आज झालंय तरी काय.

“संपलं,” मी कसंबसं म्हटलं.

“मग झालं तर,” ताई म्हणाल्या, आणि माझं काजळ पदरानं पुसलं.